डिस्क कमी भरली तेव्हा

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. जेवायला बसणार इतक्यात हाक आली, आणि झाकण खाली ठेवायचं भान न राहता मी तशीच आत गेले.

आत आमचा प्रोग्रामर उभा होता. तो पुण्याचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, कामात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. मॅडमच्या टेबलावर ऑफिसच्या आठ नव्या कॉम्प्युटरांपैकी एक होता. त्याचा पत्रा काढून बाजूला ठेवलेला होता आणि आतली हार्ड डिस्क दिसत होती.

"हिच्यावरचं लेबल वाच," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हैसूरच्या. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते मराठीत सांगते आहे.

"एक पॉइंट दोन जीबी," मी वाचलं.

"आता पडदा बघ."

पडद्यावर एक चौकट उघडलेली होती. तीत डिस्क किती भरली आणि किती रिकामी हे दाखवणारं थाळीसारखं गोल चित्र होतं आणि त्याच्या वर आकडे. एकूण जागा, एक पॉइंट अकरा जीबी. लेबलापेक्षा कमी.

"बाकीची कुठे गेली?"

प्रोग्रामर म्हणाला, "मी आठही मशीनं चेक केली. सगळीकडे सेम. एकाच मशीनवर असतं तर डिस्क खराब आहे म्हटलं असतं. आठही मशीनवर म्हणजे कुणीतरी ठरवून केलंय. जुन्या, लहान डिस्कांवर नवी लेबलं चिकटवून विकतात, असं मी ऐकलंय."

"सप्लायर तुझ्या ओळखीचा आहे का?" मॅडमनी मला विचारलं.

"तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवली होती, मॅडम. त्यांतलं एक त्यांचं होतं," मी म्हणाले. ही गोष्ट खरी होती. पण मॅडमनी जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं.

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "आज शुक्रवार. सोमवारी सकाळपर्यंत मला कारण कळायला हवं. नाही कळलं तर आठही मशीनं परत जातील, आणि त्या माणसाबद्दल मी आमच्या ओळखीच्या सगळ्या ऑफिसांना सांगेन. आणि ऑर्डर तुझ्या हातून गेली आहे, हे लक्षात ठेव."

मी बाहेर आले. डबा तसाच बंद करून ठेवला.

तो माणूस, म्हणजे अण्णा, माझे घरमालक होते. ज्यांनी आम्हाला आठ मशीनं जोडून दिली त्यांच्याच घरी, बसवनगुडीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी राहत होते. हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

नागपूरहून बंगळूरला आले तेव्हा माझ्याजवळ कॉम्प्युटरचा एक डिप्लोमा होता आणि जे. पी. नगरातल्या या नोकरीचं पत्र. कंपनी छोटी होती. परदेशी प्रकाशकांची जाडजूड पुस्तकं आमच्याकडे यायची, ती टाइप करून, चित्रं स्कॅन करून, सगळं कॉम्प्युटरवर साठवून परत पाठवायचं. टाइप करणाऱ्या बायका आणि मुलं वीसेक, प्रोग्रामर एक, आणि मशीनं चालू ठेवायला, कागद-फ्लॉपी आणायला, बिघाड झाला की धावायला मी. सहा महिने मी कच्चीच होते, म्हणजे नोकरीत कायम व्हायची होते.

खोली शोधताना कुणीतरी अण्णांचा पत्ता दिला. फाटक उघडून आत गेले तर ओसरीवर एक गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर उघडा कॉम्प्युटर, तोंडात दोन स्क्रू. त्यांनी स्क्रू हातावर काढून घेतले आणि मराठीत म्हणाले, "ये अम्मा, स्वल्प थांब, एवढं लावून घेतो." स्वल्प म्हणजे थोडं, आणि अम्मा म्हणजे मी. इथे लहान मुलीलाही अम्मा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर आलेलं त्यांचं घराणं. घरात मराठी, पण माझ्या नागपूरच्या मराठीला ते कधी कधी हसायचे आणि त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कानडी निघाले की मी हसायची. अण्णांनी पंचवीस वर्षं एका कारखान्यात घड्याळासारखी बारीक यंत्रं तपासायचं काम केलं होतं. मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि समोरच्या खोलीत कॉम्प्युटर जोडायला सुरुवात केली. पत्नी वारलेल्या, मुलगी हुबळीला दिलेली. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्कांनी लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि आता गल्लीतल्या कुणाच्याही मुलाला धरून पाढे म्हणायला लावत.

ऑफिसात आठ मशीनं घ्यायची ठरली तेव्हा मी तीन कोटेशनं मागवली. अण्णांचं त्यांतलं एक. कामाच्या बाबतीत ते तिघांत सगळ्यांत चांगले होते, हे मला रोज दिसत होतं. पण हे माझे घरमालक आहेत, एवढं एक वाक्य मी मॅडमना सांगितलं नाही. आधी वाटलं, कशाला. मग मशीनं आली, चांगली चालली, आणि सांगायची वेळ निघून गेल्यासारखं झालं. मी काही फायदा घेतला नव्हता. तरी दर वेळी त्यांचं नाव निघालं की माझी मान आपोआप कागदात जायची.

त्या शुक्रवारी बसमध्ये खिडकीशी बसून मी हेच सगळं आठवत होते. प्रोग्रामरचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. लहान डिस्कांवर नवी लेबलं. आणि मग मला आठवलं की अण्णांच्या टेबलावर लेबलांची एक गुंडाळी असते. चंदेरी, छापील. ती मी कितीदा पाहिली होती. मशीन जोडून झालं की मागच्या स्क्रूवर ते त्यांतलं एक चिकटवत, म्हणजे मधे कुणी उघडलं तर कळावं. हे मला पूर्ण माहीत होतं. तरीसुद्धा बस वळणं घेत असताना मला वाटू लागलं, एकाच कामाची लेबलं असतील कशावरून. पाच महिने ज्यांच्या घरचा सारू-भात, म्हणजे सार-भात, खाल्ला त्या माणसाबद्दल असा विचार यायला मला दोन स्टॉप पुरले. त्याची लाज मला नंतर बरेच दिवस वाटत राहिली.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. अण्णा ओसरीवर कीबोर्ड उलटा करून साफ करत होते. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "अण्णा, ऑफिसच्या डिस्का कमी भरतायत."

"कमी म्हणजे?"

मी सांगितलं. एक पॉइंट दोन, एक पॉइंट अकरा, आठही मशीनं. प्रोग्रामरचं लेबलांबद्दलचं बोलणंही सांगितलं. ते सांगताना माझी नजर टेबलावरच्या गुंडाळीकडे गेली. अण्णांनी ती जाताना पाहिली.

त्यांनी कीबोर्ड सरळ करून ठेवला, आत गेले आणि एक नवी डिस्क घेऊन आले. कारखान्यातून आलेल्या जाड चंदेरी पिशवीत ती सीलबंद होती. "हे सील बघ," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तसं नाही." "बघ अम्मा. बघून घे." मी पाहिलं. त्यांनी माझ्यासमोर पिशवी कापली, डिस्क मशीनला जोडली, तयार करायला, म्हणजे फॉरमॅटला लावली. त्याला बराच वेळ लागला. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो होतो. शेवटी ती चौकट उघडली. एक पॉइंट अकरा.

"मला हे पहिल्यापासून दिसतंय," अण्णा सावकाश म्हणाले. "आधीच्या लहान डिस्कांतही दिसायचं, पण फरक थोडा असायचा. कुणी विचारलं तर मी सांगायचो, डिस्क तयार करताना थोडी जागा जाते. जाते पण. फायलींची यादी ठेवायला लागते ना तिला. पण ती इतकी जात नाही, हे मला समजतं. मग कुठे जाते? गोत्तिल्ला. मला ठाऊक नाही." कापलेली पिशवी उचलून ते म्हणाले, "मी ज्याच्याकडून आणतो त्यानंच मला फसवलं असेल तर? पिशवीसकट सगळं खोटं असेल तर? मी किती लोकांना दिल्या असतील."

"तसं नसेल, अण्णा."

"तुला वाटलं ना?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मग लोकांना वाटायला काय. तुझ्या मॅडमना सांग, सोमवारी येऊन मी सगळी मशीनं घेऊन जातो."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. अक्कांनी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा त्यांनी "सरी, बरं, येतो" म्हटलं आणि आले नाहीत. माझं ताट वाढताना अक्का म्हणाल्या, "आमच्या घरात राहून तुला असं विचारावंसं वाटलं?" मी ताटाकडे पाहत म्हटलं, "विचारलं नसतं तर मनात ठेवलं असतं, अक्का. ते आणखी वाईट." त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. पण त्यांनी तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. सकाळी मी खाली आले तेव्हा अक्का समोरच्या खोलीत, चक्क अण्णांच्या कामाच्या टेबलाशी बसलेल्या होत्या. इतक्या महिन्यांत त्या खोलीत त्यांना मी झाडू मारण्यापलीकडे पाहिलं नव्हतं. कॅलेंडरचा जुना कागद उलटा करून त्यांनी समोर घेतला होता. अण्णा कोपऱ्यात स्टुलावर बसून मशीनं उचलायला टेम्पो सांगायचा म्हणून फोन नंबर शोधत होते.

"बस," अक्का मला म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते. जीबी म्हणजे काय?"

"गिगाबाइट."

"म्हणजे किती?"

"हजार मेगाबाइट."

"आणि मेगा?"

"हजार किलोबाइट."

"किलो म्हणजे हजार, ते मला माहीत आहे. म्हणजे हजार बाइट."

"हो," मी म्हटलं आणि सवयीनं पुढे बोलले, "म्हणजे तसे एक हजार चोवीस."

अक्कांनी पेन्सिल वर उचलली. "चोवीस कुठून आले?"

"कॉम्प्युटर दुपटीनं मोजतो ना. दोन, चार, आठ, सोळा, असं करत पाचशे बारा, मग एक हजार चोवीस. ते हजाराच्या जवळ येतं म्हणून त्यालाच किलो म्हणायचं." डिप्लोमाच्या परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न होता. मला तो मार्क मिळाला होता.

"म्हणजे मघाशी तू तीन वेळा हजार धरलंस ते तिन्ही वेळा खोटं."

"सगळे तसंच म्हणतात, अक्का."

"सगळे म्हणजे कोण? हे लेबल ज्यानं छापलं, तो हजार म्हणताना एक हजार चोवीस धरतो की खरेच हजार धरतो?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. अण्णांनी फोनची वही खाली ठेवली.

"त्या पडद्यावर काय काय लिहिलंय ते सगळं वाच," अक्का म्हणाल्या. "तुला पाहिजे तेवढंच नाही. सगळं."

मी चौकट उघडली. एकूण जागेच्या ओळीत दोन आकडे होते. उजवीकडे तो एक पॉइंट अकरा जीबी, जो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, मॅडमनी, प्रोग्रामरनी, मी, अण्णांनी. आणि त्याच्या डावीकडे, त्याच ओळीत, एक लांबलचक आकडा होता, पुढे बाइट असं लिहिलेला. इतका लांब की तो वाचायचा असतो असं कुणाला वाटलंच नव्हतं. मी एकेक अंक सांगत गेले आणि अक्का लिहीत गेल्या. मग त्यांनी पडद्यावरचे परक्या पद्धतीचे स्वल्पविराम सोडून आपल्या पद्धतीनं दिले, उजवीकडून तीन, मग दोन, मग दोन, आणि वाचलं.

"एकशे वीस कोटी, तीन लाख आणि वर काही हजार."

अण्णा स्टुलावरून उठून टेबलाशी आले.

"एकशे वीस कोटी," अण्णा म्हणाले.

"लेबलवर काय आहे? एक पॉइंट दोन. गिगा म्हणजे साधे हजार हजार हजार धरले तर शंभर कोटी. त्याचे एक पॉइंट दोन किती?"

"एकशे वीस कोटी," मी म्हटलं.

"लेबल खोटं नाही मग. आता तुझं चोवीसवालं बघू." अक्कांनी गुणाकार मांडला. मी अण्णांचा कॅल्क्युलेटर पुढे केला, पण तो आठच अंक दाखवायचा. दुसऱ्याच गुणाकाराला त्यानं हात टेकले आणि कोपऱ्यात एक अक्षर दाखवून थांबला. अक्कांची पेन्सिल थांबली नाही. एक हजार चोवीस गुणिले एक हजार चोवीस, दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. त्याला पुन्हा एक हजार चोवीसनं गुणलं. एकशे सात कोटी, सदतीस लाख, एक्केचाळीस हजार, आठशे चोवीस.

"तुझ्या यंत्राचा जीबी हा एवढा मोठा. लेबलवाल्याचा शंभर कोटींचा. आता एकशे वीस कोटींत हा मोठा किती वेळा बसतो ते बघायचं." भागाकार करायला त्यांना जरा वेळ लागला. मी आणि अण्णा, दोघंही त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो, निकालाच्या दिवशी फळ्यापुढे वाकतात तसे. एक. दशांश. एक. एक. सात.

"एक पॉइंट एक एक सात," अक्का म्हणाल्या आणि भुवया आखडल्या. "पुढे सात आहे तर बारा लिहायला पाहिजे होतं. अकरा का लिहिलं?"

"मशीन पुढचं गाळून टाकतं बहुतेक," मी म्हटलं.

"मग त्याचा अर्धा मार्क कापायचा," त्या म्हणाल्या.

अण्णा स्टुलावर परत जाऊन बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसल्यासारखं केलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे काही गेलं नाही."

"काही गेलं नाही. जेवढं सांगितलं तेवढं आहे. मापं दोन आहेत. आपल्या लहानपणी कच्चा शेर आणि पक्का शेर नव्हता काय? एकाच पोत्यातलं तांदूळ कच्च्या शेरानं मोजलं तर जास्ती, पक्क्यानं मोजलं तर कमी. तांदूळ तेवढंच."

"आणि त्या व्यापाऱ्यानंही मला फसवलं नाही."

"त्यानंही नाही."

मला एकदम रडू आलं. कशाचं ते धड सांगता आलं नसतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. अण्णा उठून आत गेले, आणि स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "अक्का, कालचं सारू आहे काय? भूक लागली." सकाळचे साडेनऊ वाजले होते. ते पाटावर बसून कालचा भात आणि सारू जेवले, मग आजचे पोहेही खाल्ले, आणि आम्ही दोघी त्यांच्यासमोर नुसत्या बसून राहिलो.

पोहे खाऊन झाल्यावर अक्का मला म्हणाल्या, "तू इथे राहतेस हे तुझ्या मॅडमना माहीत आहे?"

मी नाही म्हटलं.

"मग हा कागद दाखवशील तेव्हा तेही सांग. एक बरोबर दाखवायचं आणि एक झाकून ठेवायचं, असं नको."

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. प्रोग्रामरलाही मीच बोलावून घेतलं. कागद टेबलावर पसरला, चौकट उघडली, आणि तो लांब आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. प्रोग्रामरनं कागदावरचा गुणाकार तपासला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग तो म्हणाला, "येस. करेक्ट आहे," आणि थोड्या वेळानं, "हे मला माहीत असायला हवं होतं." मी म्हटलं, "मलाही." आम्ही दोघांनीही एक हजार चोवीस हा आकडा पाठ केलेला होता. तो कधी कशाला लावून पाहिला नव्हता एवढंच.

मॅडमनी स्वतःच्या टेबलावरचं जुनं मशीन उघडून पाहिलं. ते दुसऱ्याच दुकानातून, मी यायच्या कितीतरी आधी घेतलेलं होतं. त्याच्या कागदपत्रांत पाचशे चाळीस एमबी लिहिलेलं होतं आणि पडद्यावर पाचशे पंधराच्या आसपास दिसत होतं. "इतकी वर्षं मी हे पाहते आहे," त्या म्हणाल्या. "फरक लहान होता म्हणून दिसला नाही." प्रोग्रामरनं लगेच समजावलं की माप जितकं मोठं तितका हा फरक वाढत जाणार, प्रत्येक पायरीला ते चोवीस पुन्हा वाढतात म्हणून. आता तो रंगात आला होता.

तो गेल्यावर मी म्हणाले, "मॅडम, आणखी एक. हे सप्लायर माझे घरमालक आहेत. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते. हे मी कोटेशन देतानाच सांगायला हवं होतं."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती तेवढ्यात तीनदा बंद पडली.

"शुक्रवारी मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"डिस्कपेक्षा मला हे जास्त लागलं. डिस्कचं कारण निघालं. याचं काही कारण आहे का?"

"नाही. आधी वाटलं सांगायची गरज नाही, आणि मग भीती वाटली."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तरी मी ऑर्डर त्यांनाच दिली असती. मशीनं चांगली आहेत. यापुढे ओळखीचं असेल तर कागदावर लिहून द्यायचं. बस." आणि मी दाराशी पोचल्यावर, "हा हिशोब बोर्डावर लाव. बाकीच्यांनाही कळू दे. तो कुणी केला तेही लिही."

मी बाहेर येऊन जिन्यात दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. मग टाचण्या घेऊन कागद बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, गणित निवृत्त शिक्षिकेचं, वय सदुसष्ट. महिनाभरानं मी नोकरीत कायम झाले.

प्रोग्रामर त्या सोमवारच्याच आठवड्यात बसवनगुडीला आला. अण्णांना भेटून म्हणाला, "सॉरी अण्णा, मी लेबलांबद्दल उगाच बोललो." अण्णांनी "असू दे" म्हणून कॉफी मागवली. अक्कांनी मात्र त्याला सहजासहजी सोडलं नाही. याच्यापुढचं माप कोणतं, ते विचारून त्याला कागद-पेन्सिल दिली आणि एकशे सात कोटींना आणखी एकदा एक हजार चोवीसनं गुणायला लावलं. त्यानं मुकाट्यानं गुणलं. एका ठिकाणी हातचा चुकला. अक्कांनी पेन्सिलीनं तिथे नुसतं टोचलं.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो त्यानंतरचा रविवार. अण्णा सकाळीच स्कूटर पुसून तयार होते. मला म्हणाले, "हेब्बाळला येतेस काय? एका माणसाला भेटायचं आहे." वाटेत त्यांनी सांगितलं. हेब्बाळला जनावरांचे एक निवृत्त डॉक्टर राहत. त्यांना अण्णांनी वर्षभरापूर्वी मशीन दिलं होतं. दिल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला की डिस्क थोडी कमी दिसते आहे. अण्णांनी नेहमीचं सांगितलं, तयार करताना जागा जाते. डॉक्टर "बरं" म्हणाले आणि त्यानंतर त्यांचा फोन आलाच नाही. "एकदाही नाही, अम्मा. दिवाळीलाही नाही. माझ्याबद्दल त्यांचं मन फिरलं. मीही मग त्या बाजूला गेलो नाही. काय सांगणार होतो? आता सांगायला आहे." त्यांच्या शर्टाच्या खिशात अक्कांच्या गणिताची त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली नक्कल होती.

रस्ता लांबचा. हेब्बाळ तेव्हा शहराच्या पार टोकाला वाटायचं, तळ्याच्या अलीकडे नुसती मोकळी शेतं. डॉक्टरांचं घर सापडलं. डॉक्टर अंगणात झाडांना पाणी घालत होते. अण्णांना पाहून त्यांनी नळी खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे करून आले. अण्णांनी बसायच्या आतच खिशातला कागद काढला आणि कानडीत भराभर सांगायला सुरुवात केली, एकशे वीस कोटी, एक हजार चोवीस, कच्चा शेर, पक्का शेर. डॉक्टर नीट ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पण मला हे का सांगता?"

"तुम्ही फोन केला होता ना. डिस्क कमी आहे म्हणून."

"मी?" डॉक्टर आठवू लागले. मग त्यांनी मान हलवली. "केला असेल. मला लक्षात नाही."

"त्यानंतर तुम्ही कधी फोनच केला नाही."

"कशाला करणार?" डॉक्टर म्हणाले. "मशीन एकदाही बिघडलं नाही."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसू लागले. त्यांचं हसू आवाज न करता, खांदे हलवत व्हायचं, ते तसं बराच वेळ चाललं. डॉक्टरांना काय झालं ते कळलं नाही, पण तेही हसले आणि आत जाऊन आमच्यासाठी पपई कापायला सांगून आले.

परत येताना अण्णा स्कूटर फार सावकाश चालवत होते. तळ्याजवळ त्यांनी ती बाजूला घेतली आणि आम्ही काठावर उभे राहिलो. पाण्यावर पांढरे पक्षी उतरत होते. "वर्षभर मी या रस्त्यानं आलो नाही," ते म्हणाले. "पुढे यलहंकाला जायचं असलं तरी दुसरीकडून वळून जायचो." ते पक्षी सगळे उतरून होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, आणि मग जेवायच्या वेळेला घरी पोचलो.